कोटातली पायवाट आणि दोन पुस्तके

जुने शहर पायी हिंडून पाहण्याचा छंद अलीकडे आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. मुंबईच्या कोट भागात सुट्टीच्या सकाळी गेल्यास दहा-पंधरा जणांचा एखादा गट हमखास भेटतो. पुढे माहिती सांगणारा, मागे मान उंचावून कमानी व घुमट न्याहाळणारी मंडळी. हा छंद स्वागतार्ह आहे. ज्या समाजाला आपल्या वास्तूंचे मोल कळत नाही, तो त्या एक तर विकतो किंवा पडू देतो. तथापि पाहण्यालाही एक रीत असते आणि रीतीमागे दृष्टी असते. ही दृष्टी कोणती असावी, याचा विचार येथे दोन पुस्तकांच्या आधारे करण्याचा मानस आहे. पहिले पुस्तक गोविंद नारायण माडगांवकरांचे १८६३ साली प्रसिद्ध झालेले ‘मुंबईचे वर्णन’. दुसरे अरुण कोलटकरांचे २००४ साली निघालेले ‘काळा घोडा पोएम्स’. दोहोंत एकशे एकेचाळीस वर्षांचे अंतर आहे. भाषा वेगळी, प्रकारही वेगळा. पण दोन्ही लेखकांनी एकाच जागेकडे डोळे भरून पाहिले आहे.

पुस्तके हाती घेण्याचे निमित्त घडले ते तिघा स्नेह्यांसमवेत आम्ही केलेल्या पायपिटीचे. एक निवृत्त स्थापत्य अभियंता, एक इतिहासाचे शिक्षक आणि एक कोटातल्याच बँकेत उभी हयात घालविलेले कारकून. सेंट थॉमस कथीड्रलपाशी शिक्षकांनी १७१८ च्या नाताळाची हकिकत सांगितली. त्या दिवशी हे अँग्लिकन उपासनामंदिर खुले झाले आणि पुढे तटाच्या ज्या दरवाजातून तेथे जावयाचे त्याला ‘चर्चगेट’ नाव पडले. आज तो दरवाजा नाही, तटही नाही. नाव मात्र रेल्वेच्या तिकिटावर जिवंत आहे. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर अभियंत्यांनी डोरिक खांबांचे गणित उलगडले. हॉर्निमन सर्कलपाशी, जेथे एके काळी उघड्या मैदानात कापसाच्या गाठी रचल्या जात, तेथे वर्तुळाकार इमारती कशा उठल्या तेही समजले.

कारकून गृहस्थ मात्र गप्प होते. जनरल पोस्ट ऑफिसपाशी आल्यावर त्यांनी प्रथम तोंड उघडले. “फादर, इथे पत्रं लिहून देणारे बसायचे,” ते म्हणाले. गिरणीत राबणारा, हॉटेलात कपबशा विसळणारा, अक्षरओळख नसलेला माणूस येथे येई; गावाकडे पाठवावयाच्या मनीऑर्डरीचा फॉर्म भरून घेई आणि बायकोला, आईला चार ओळी लिहवून घेई. लिहिणाऱ्याच्या कानी जे पडे ते त्याच्यापाशीच राही. हे ऐकताना आम्हां धर्मगुरूंना पापनिवेदनाच्या आसनाची आठवण व्हावी यात नवल नाही. ती १९१३ ची भव्य इमारत आम्ही याआधी कितीदा तरी पाहिली होती. ती कोणासाठी उभी होती, हे त्या दिवशी कळले.

मार्ककृत शुभवर्तमानात दोन प्रसंग एकमेकांस लागून येतात. प्रभू येशू मंदिरातील दानपेटीसमोर बसून लोकांकडे पाहत आहे. एक दरिद्री विधवा दोन नाणी टाकते आणि तो शिष्यांना बोलावून ती दाखवितो. त्यानंतर मंदिरातून बाहेर पडता पडता एक शिष्य त्याला काय दाखवितो? तेथले प्रचंड चिरे आणि इमारती! अध्यायांच्या विभागणीमुळे हे दोन प्रसंग आपण वेगवेगळे वाचतो. ते सलग वाचले म्हणजे शिष्याची चूक ध्यानी येते. चिरे भव्य नव्हते असे नाही. पण नुकतीच एक स्त्री दाखविली गेली होती आणि त्याच्या नजरेत तिच्यासाठी जागा उरली नव्हती. जुन्या शहरात हिंडणाऱ्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न असतो.

आता माडगांवकरांकडे वळू. त्यांचा ग्रंथ हे मुंबईचे मराठीतले पहिले विस्तृत वर्णन होय. तो लिहिला गेला तो काळ मोठा विलक्षण होता. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी धावली होती, १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले होते, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडले जात होते. माडगांवकर या सगळ्याकडे कौतुकाने पाहतात. देवळे, मशिदी, चर्चे, तलाव, बाजार, शाळा, छापखाने, नाना जातींचे लोक व त्यांचे उद्योग, काही म्हणून त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मराठी गद्य अजून घडत होते. अशा वेळी एका शहराचा एवढा पसारा साध्या, बोलक्या भाषेत मांडणे हे लहान काम नव्हे. मडगावहून नाव घेऊन आलेल्या घराण्यातील या लेखकाने परक्या नगरीला आपली मानले, हेही ध्यानी घेण्याजोगे आहे.

पण गुणाच्या पोटीच दोष आहे. माडगांवकरांना माणसे दिसतात ती समूहाने. अमुक जात, अमुक धंदा, अमुक पोशाख. गर्दीतून एकच चेहरा पुढे येऊन आपल्याकडे पाहतो आहे, असे क्वचितच घडते. शिवाय राज्यकर्त्यांच्या सुधारणांविषयीचा त्यांचा आदर इतका दृढ आहे की या वैभवाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मागे पडतो. कापसाचा फुगा १८६५ मध्ये फुटला आणि कित्येक घराणी धुळीस मिळाली. त्याच वर्षी माडगांवकरही निवर्तले.

कोलटकरांची रीत याच्या अगदी उलट. ते हिंडत नाहीत; काळा घोडा चौकातील ‘वेसाइड इन’मध्ये खिडकीशी बसून समोरच्या त्रिकोणी बेटाकडे पाहतात. ज्या घोड्यावरून चौकाला नाव पडले, तो एडवर्ड राजाचा पुतळा १९६५ मध्येच तेथून हलवून पुढे भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात ठेवला गेला. राजा गेला, जागा उरली. आणि त्या जागेवर कवीला दिसले ते एक गावठी कुत्रे, झाडूवाल्या बाया, रस्त्यावरच्या पोरांना पकडून न्हाऊ घालणारी भाजल्या चेहऱ्याची बाई. सकाळी एक स्त्री इडल्यांचे भांडे घेऊन येते आणि फुटपाथवरचे आंधळे, पांगळे, बेघर भोवती जमतात. या न्याहारीवरची दीर्घ कविता वाचताना आम्हांला मेजवानीचा दृष्टान्त आठवला. मोठमोठे निमंत्रित आले नाहीत म्हणून यजमानाने रस्त्यावरून दीनदुबळ्यांना आणविले, तो दृष्टान्त.

येथे थोडी सावधगिरी अगत्याची आहे. कोलटकरांना बाप्तिस्मा देण्याचा आमचा इरादा नाही. ते उपदेश करीत नाहीत, कीव तर मुळीच करीत नाहीत. उलट खट्याळपणे हसतात. पण हे हसणे तुच्छतेचे नाही. ज्याची कीव करावी त्याला आपण खाली बसवितो. ज्याच्यासोबत हसावे त्याला शेजारी बसवितो. आपल्या प्रवचनांना हा धडा घेण्यासारखा आहे. उणीव दाखवावयाचीच तर ही की, मराठीत समर्थपणे लिहिणाऱ्या या कवीने हे पुस्तक इंग्रजीत लिहिले, आणि त्या चौकातले बहुतेक रहिवासी ते वाचू शकणार नाहीत. माडगांवकरांचे पुस्तक मात्र सामान्य मराठी वाचकासाठीच होते. दुसरी मर्यादा म्हणजे बसल्या जागेवरून वर्तमान दिसते, त्यामागचा इतिहास दिसत नाही. त्यासाठी माडगांवकरच हवेत. म्हणून आमचे मत असे की कोट पाहावयाचा तर ही दोन पुस्तके एकत्र वाचावी.

हा केवळ वाङ्मयीन वाद नव्हे. दादाभाई नवरोजी मार्गावरील सलग कमानी पाहताना आमच्या अभियंता मित्राने फेरीवाल्यांविषयी त्रागा केला. त्यांच्यामुळे इमारती झाकल्या जातात, असे त्यांचे म्हणणे. चालणाऱ्याला वाट मिळाली पाहिजे हे खरेच. पण त्या कमानी मुळात बांधल्या गेल्या त्या पादचाऱ्याला ऊन-पावसात आडोसा मिळावा म्हणून. मुंबईत वारसा जतनाची नियमावली १९९५ मध्ये आली आणि २०१८ मध्ये येथील गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत. मात्र जतन करताना कमान राखावयाची आणि तिच्या सावलीला आलेला माणूस उठवावयाचा, हा हिशेब अर्धा आहे.

आपणां कॅथलिकांना तर हे सहज कळावे. कोटाच्या बाहेर एस्प्लनेडवर फ्रान्सिस्कन संन्याशांनी स्थापिलेले एस्पेरान्सा मातेचे, म्हणजे आशामातेचे, चर्च होते. तटासमोरचे मैदान तोफांसाठी मोकळे हवे म्हणून अठराव्या शतकात, १७६० च्या सुमारास, ते पाडले गेले आणि भुलेश्वरास नवे बांधण्यात आले. त्या चर्चची खूण म्हणून सांगितला जाणारा क्रूस आजही मैदानात उभा आहे. क्रॉस मैदान हे नाव त्यावरूनच पडले. हजारो लोक रोज त्याच्या शेजारून लोकलकडे धावतात. ज्यांचे चर्च हलले, त्यांचे काय झाले असेल? ते कोणत्या वाटेने आपल्या मूर्ती घेऊन गेले असतील? इमारतींच्या इतिहासात हे प्रश्न येत नाहीत. गिरगावच्या खोताच्या वाडीतील ईस्ट इंडियन घरांची संख्या आज पूर्वीच्या निम्मीही उरलेली नाही. उद्या तेथेही एखादी पाटी लागेल आणि लोक तिचे फोटो काढतील. दारात बसून नातवाला प्रार्थना शिकविणारी आजी मात्र तेथे नसेल.

आपल्या धर्मग्रामांतील युवक मंडळे हल्ली वारसास्थळांच्या सहली काढतात. त्यांना आमची एवढीच सूचना आहे की माहिती सांगणाऱ्याबरोबर त्या भागात आयुष्य काढलेला एखादा माणूस जरूर न्यावा. मग तो कारकून असो, हमाल असो वा मोची. कोणत्या साली काय बांधले हे पुस्तकात सापडेल. कोण कोठे बसत असे, कोणासाठी कोणते दार उघडे होते आणि कोणासाठी बंद, हे त्या माणसालाच ठाऊक असते, आणि तो कायमचा असणार नाही. त्याचे सांगणे लिहून ठेवणे हीदेखील साहित्यसेवा आहे. अशा टिपणांना आपल्या त्रैमासिकाने जागा द्यावी, अशी आमची संपादकांना विनंती आहे.