खवल्यांचा कोट घातलेला लांडगा

फँटसी रोलप्लेइंग गेममध्ये सर्वांत वाया घालवलेला राक्षस कोणता, तर मगरमाणूस. डंजन्स अँड ड्रॅगन्सचं २००५ सालचं ‘सँडस्टॉर्म’ परवा पुन्हा चाळलं आणि जुना राग उफाळून आला. वाळवंटावरच्या पुस्तकात मगर आली, याबद्दल तक्रार नाही. नाईल वाळवंटातूनच वाहते. तक्रार आहे ती या मगरमाणसाच्या अंगात लांडगाच आहे याची. चावला की रोग जडणार, पौर्णिमेला रूप पालटणार, चांदीच्या शस्त्राने घायाळ होणार. सगळं युरोपातल्या थंड जंगलातून उचललेलं, वर खवल्यांचा कोट.

याचं मूळ याच खेळाच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतल्या ‘टेम्प्लेट’मध्ये आहे. हवा तो प्राणी घ्या, माणसावर चढवा, आकड्यांची बेरीज करा, राक्षस तयार. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळाच्या २०१३ च्या चौथ्या बेस्टियरीत, म्हणजे राक्षसकोशात, मगरमाणूस, वटवाघूळमाणूस आणि शार्कमाणूस एका रांगेत बसतात. त्यांच्याबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

अपवाद एकच, पण दणदणीत: व्हाइट वुल्फ प्रकाशनाच्या ‘वेअरवुल्फ: द अपोकॅलिप्स’ या लांडगामाणसांच्या खेळातली मगरमाणसं, म्हणजे मोकोले. १९९९ साली त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक निघालं. चाव्याने मोकोले होता येत नाही, तसं जन्मावं लागतं. लांडगामाणसांचा स्वभाव चंद्राच्या कलांवरून ठरतो, मोकोलेंचा सूर्याच्या स्थितीवरून. सकाळभर काठावर ऊन खात पडलेली मगर ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला ही निवड किती नेमकी आहे ते कळेल. मोकोले पृथ्वीची स्मृती सांभाळतात, थेट डायनासोरांच्या काळापासूनची. लांडग्यांनी इतर रूपपालटूंची कत्तल केली, तेही त्यांच्या लक्षात आहे. म्हणजे इथे नायक लांडगा, आणि त्याच्या पापाची साक्षीदार मगर! त्यांची भारतीय शाखा ‘मकर’ नावाने येते. एवढी जाण इतर कुणी दाखवली?

दाखवली नाही, कारण बाकीच्यांना राक्षस फक्त मारायला हवा असतो. मूळ कथा काय सांगतात ते पाहा. इजिप्तच्या वेस्टकार पपायरसमध्ये सात बोटं लांबीची मेणाची मगर पाण्यात पडताच सात हात होते आणि व्यभिचारी पुरुषाला धरते. ती कुणीतरी पाठवलेली आहे. महाभारताच्या आदिपर्वात वर्गा आणि तिच्या चार सख्या शापाने मगरी झालेल्या अप्सरा आहेत. अर्जुन मगरीला मारत नाही. तिला काठावर ओढून काढतो आणि तिथेच शाप सुटतो. गोव्यात खाजन शेतांकाठी चिखलाची मगर घडवून ‘मानगे थापणी’त तिची पूजा होते, बांध राखावेत म्हणून. मगरीशी नातं असतं. तिला कुणीतरी पाठवलेलं असतं, शापलेलं असतं किंवा पूजा करून राखलेलं असतं.

हिट पॉइंट शून्यावर आणून असं नातं उलगडत नाही. आदिपर्वातला प्रसंग पटावर मांडा: तलवार निरुपयोगी, धाडस आणि दंडातली ताकद कामाची, आणि जिंकल्यावर समोर प्रेत नाही, बोलणारी बाई. हा खेळ कितीतरी अवघड आणि कितीतरी चांगला आहे. आपल्याकडचे खेळ चालवणारे डंजन मास्टरसुद्धा महाभारत घरात असताना चांदीचे बाण वाटत बसतात, याला आळस म्हणतात. पुढच्या मोहिमेत नदी आली तर पौर्णिमा वगळा, चांदी वगळा, आणि खेळाडूंना एकच प्रश्न सोडवायला द्या: ही मगर कुणाची?