दातांची रचना आणि चावण्या-गिळण्याची क्रिया : एका वैद्यकीय दाव्याची चिकित्सा

वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करण्याचे शास्त्र दंतवैद्यकात ऑर्थोडॉन्टिक्स या नावाने ओळखले जाते. या उपचारांचे समर्थन प्रामुख्याने दोन मुद्द्यांवर केले जाते. पहिला मुद्दा सौंदर्याचा, तर दुसरा कार्याचा. म्हणजे उपचारांनंतर अन्न नीट चावता येते आणि घास नीट गिळता येतो. पहिल्या मुद्द्याबाबत फारसा वाद नाही. त्याची खातरजमा रुग्ण स्वतःच आरशात करून घेतो. दुसऱ्या मुद्द्यामागील पुरावा मात्र एकजिनसी नाही. चावण्याबाबत तो अपुरा आहे, तर गिळण्याबाबत कार्यकारणाची दिशाच दीर्घकाळ उलटी धरली गेली होती.

या दाव्याचे मूळ ‘जशी रचना तशी क्रिया’ या गृहीतकात आहे. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दंतविसंगतींचे तीन वर्ग पाडले. वरची पहिली कायमची दाढ प्रमाण मानून तिच्या तुलनेत खालची दाढ योग्य जागी असल्यास पहिला, मागे असल्यास दुसरा आणि पुढे असल्यास तिसरा वर्ग, अशी ही सुटसुटीत मांडणी शंभराहून अधिक वर्षांनंतरही पाठ्यपुस्तकांत टिकून आहे. तिची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे वर्गीकरण मिटलेल्या, स्थिर दातांचे आहे. ते प्लास्टरच्या साच्यावरूनही करता येते. चावणे ही जबड्याचा सांधा, स्नायू, जीभ, गाल आणि लाळ यांची एकत्रित क्रिया आहे. साचा चावत नाही, ही साधी गोष्ट विसरली जाते.

चर्वणक्षमता मोजण्याची रीत फारशी अवघड नाही. व्यक्तीला ठरावीक पदार्थ ठरावीक वेळा चावायला देतात, तोंडातील चोथा गोळा करतात आणि तो वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्यांतून गाळतात. कण जितके बारीक तितके चर्वण सरस. इंग्लिश, बुशांग आणि थ्रॉकमॉर्टन या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोणताही उपचार न घेतलेल्या १८५ व्यक्तींची अशी तपासणी केली होती. नैसर्गिकरीत्या योग्य जुळणी असलेल्या गटाच्या तुलनेत कणांचा मध्यक आकार पहिल्या वर्गात सुमारे ९ टक्के, दुसऱ्या वर्गात १५ टक्के आणि तिसऱ्या वर्गात ३४ टक्के मोठा आढळला. हा अभ्यास काळजीपूर्वक केलेला असून विसंगतीचा चर्वणाशी संबंध आहे, हा त्याचा निष्कर्ष मान्य करावाच लागतो.

प्रश्न पुढच्या पायरीचा आहे. विसंगती असलेला माणूस कमी चांगले चावतो, म्हणून विसंगती दूर केल्यास तो चांगले चावू लागेल, असा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही. येथे तुलना दोन वेगवेगळ्या माणसांची आहे. एकाच माणसाच्या उपचारांपूर्वीच्या आणि नंतरच्या अवस्थेची नाही. तिसऱ्या वर्गातील व्यक्तीत केवळ दाढेची जागा वेगळी नसते; जबड्यांची ठेवण, चाव्याचे बळ आणि दाढा एकमेकींना टेकण्याचे क्षेत्रफळ यांतही फरक असू शकतो. तारांनी दाढांचे नाते बदलते, स्नायू तेच राहतात. शिवाय हे उपचार बहुधा किशोरवयात, साधारण दोन वर्षे चालतात. त्याच काळात जबडा आणि त्याचे स्नायू वाढत असतात आणि उपचार न घेणाऱ्या मुलाचे चर्वणही सुधारत असते. तुलनेसाठी समवयस्क, उपचाररहित गट नसेल तर वाढीचे श्रेय तारेच्या पदरात पडते.

कण थोडे मोठे राहिल्याने नेमके काय बिघडते, हाही प्रश्न उरतोच. ब्रिटिश संशोधक फॅरेल यांनी १९५६ मध्ये याचे उत्तर काहीशा धाडसी मार्गाने शोधले. चावलेले आणि न चावलेले अन्नाचे तुकडे कापडाच्या बारीक पिशव्यांत घालून त्यांनी व्यक्तींना गिळायला दिले आणि पिशव्या शरीराबाहेर पडल्यावर आत काय उरले ते पाहिले. अनेक पदार्थ न चावताही पचले होते. काही प्रकारचे मांस आणि भाज्या यांचा अवशेष मात्र राहिला होता. तेव्हा चाळणीवरील ९ टक्के म्हणजे पचनातील ९ टक्के नव्हेत.

गिळण्याच्या संदर्भातील इतिहास अधिक बोधक आहे. तान्ह्या बाळाची जीभ गिळताना हिरड्यांच्या मध्ये पुढे येते. दात आल्यावर हळूहळू ती टाळूला टेकू लागते. काही मुलांत जिभेचा पुढचा रेटा टिकून राहतो. अशा मुलांच्या दाढा मिटल्या तरी समोरच्या दातांत फट राहिल्याचे पुष्कळदा दिसते. वॉल्टर स्ट्रॉब यांनी १९६० पासूनच्या लेखमालेत हा रेटाच दोषाचे कारण असल्याचे मांडले आणि त्याचे मूळ बाटलीने दूध पाजण्यात शोधले. पुढे जिभेला ‘योग्य’ गिळणे शिकवण्याच्या व्यायामांचा मोठा प्रसार झाला.

विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ मध्ये दातांच्या समतोलाच्या सिद्धांताची फेरतपासणी केली आणि या समजुतीचा पायाच डळमळीत झाला. त्यांच्या मांडणीचे बळ साध्या अंकगणितात आहे. मनुष्य दिवसातून साधारण हजारापेक्षा कमी वेळा गिळतो आणि प्रत्येक वेळी जिभेचा दाब सुमारे एक सेकंद टिकतो. एकूण बेरीज सतरा मिनिटांच्या आतच राहते. दात हलण्यासाठी मात्र दाब दिवसातून काही तास, साधारण ४ ते ८ तास, टिकावा लागतो. म्हणजे गिळताना बसणारा क्षणिक रेटा दात हलवण्यास पुरत नाही. त्याउलट विश्रांतीच्या वेळी जीभ कोठे टेकलेली असते, तो सौम्य पण अखंड दाब दातांची जागा ठरवू शकतो. समोर फट असेल तर घास आणि लाळ बाहेर येऊ नये म्हणून जीभ ती फट बुजवते. अशा बहुसंख्य रुग्णांत रेटा हा कारणापेक्षा परिणाम ठरतो, आणि फट मिटल्यावर तो पुष्कळदा आपोआप कमी होतो. ज्या शास्त्राने क्रियेला दोषी ठरवले होते, त्याच शास्त्रात क्रिया रचनेशी जुळवून घेते हे असे उघड झाले.

या विवेचनाचा अर्थ उपचार निरुपयोगी आहेत असा नाही. खालचा जबडा फार पुढे आलेल्या प्रौढांत शस्त्रक्रियेसह केलेल्या उपचारांनी चर्वण सुधारल्याचे अनेक अभ्यास दाखवतात, जरी ते सामान्य जुळणी असलेल्या व्यक्तींच्या पातळीला सहसा पोहोचत नाही. एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत असतील तर त्या बाजूने चावताना जबड्याची फेरी उलट दिशेने होते. वरची कमान रुंद केल्यावर दाढा जागेवर येतात. चावण्याची सवय त्यांच्यामागोमाग बदलते की नाही, याबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. दाढा सरळ करणे मेकॅनिकचे काम असेल, पण चर्वणाचा आराखडा मज्जासंस्थेत घडलेला असतो.

चर्वणावरील सर्वांत निश्चित परिणाम मात्र सुधारणेचा नाही. तार घट्ट केल्यावर वेदना साधारण चोवीस तासांनी शिगेला पोहोचते आणि आठवड्याभरात ओसरते. तेवढे दिवस चाव्याचे बळ घटते, आणि भाकरी-शेंगदाण्यांऐवजी मुलाला मऊ भात किंवा खिचडी द्यावी लागते. तारा काढल्यानंतरही दाढा एकमेकींना पूर्ण टेकायला काही महिने जातात. पालकांशी होणाऱ्या चर्चेत हा निश्चित त्रास अनेकदा ‘तात्पुरती गैरसोय’ म्हणून शेवटी येतो आणि सौम्य विसंगतीच्या बाबतीत सिद्ध न झालेली चर्वणातील सुधारणा लाभांच्या यादीत आरंभी येते. संमतिपत्रावर सही करणाऱ्याला हा क्रम कोणी उलगडून सांगत नाही.