राजे दिसतात, पण लागतात का?

पीएच.डी.चा आराखडा लिहायला बसलेल्या मुलामुलींकडून एक वाक्य फिरून फिरून माझ्याकडे येतं. शब्द थोडे बदलतात, पण साधारण असं असतं: ‘बदलत्या काळाशी जुळवून घेतल्यामुळे राजघराणी आजही जनमानसात आपलं स्थान टिकवून आहेत.’ पुढे दोन पानं समाजकार्य, दोन पानं सोशल मीडिया आणि शेवटी ‘निष्कर्ष’ म्हणून परत तेच वाक्य. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, इतिहासाचा नाही. पण कारण आणि परिणाम यांची गाठ कशी मारायची हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच असतो, आणि या वाक्यात ती गाठ मुळात मारलेलीच नाही.

का, ते बघा. जे घराणं आज दिसतं त्याने जुळवून घेतलं. कशावरून? तर ते आज दिसतं यावरून. हे गोल फिरणं झालं. हा दावा खोटा ठरवायचा असेल तर कोणता पुरावा लागेल, असं स्वतःला विचारा. उत्तर सुचलं नाही, तर तुमच्या हातात दावा नाही, नुसती प्रशस्ती आहे. शिवाय जी घराणी दिसेनाशी झाली ती तुमच्या नमुन्यात आलीच नाहीत. फक्त उगवलेली रोपं मोजून बियाण्याची उगवणक्षमता काढतो का आपण? धानाच्या जिल्ह्यात राहून एवढं तरी कळायला पाहिजे.

दुसरी गडबड शब्दांची आहे. दिसणं आणि लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसणं मोजता येतं: किती बातम्या, किती फलक, किती फोटो. लागणं म्हणजे ते नसते तर काही अडलं असतं का. जीवशास्त्रात एखाद्या जनुकाचं काम कळत नसेल तर ते बंद करून बघतात. उंदराचं काय बिघडतं त्यावरून जनुकाचं काम ठरतं. राजघराणं बंद करून बघता येत नाही हे खरं. पण इतिहास कधीकधी हा प्रयोग आपल्यासाठी फुकटात करून ठेवतो.

म्हैसूरचं घ्या. डिसेंबर 2013मध्ये श्रीकंठदत्त वडियार वारले तेव्हा वारस ठरलेला नव्हता. 2014च्या दसऱ्यात राजवाड्यातल्या खासगी दरबारात सिंहासनावर राजाच्या जागी तलवार ठेवली गेली. सरकारी दसरा मात्र व्हायचा तसा झाला, कारण अंबारीत राजाऐवजी चामुंडेश्वरीची मूर्ती बसवायची पद्धत कितीतरी आधीच पडली होती. म्हणजे एकाच सणातल्या एका भागाला राजा लागत होता आणि दुसऱ्याला नव्हता. ‘म्हैसूरचं राजघराणं लोकप्रिय आहे’ एवढ्या एका वाक्यात हा फरक पूर्ण बुडतो.

आता महाराष्ट्रात या. साताऱ्यात उदयनराजे भोसले मे 2019मध्ये राष्ट्रवादीतर्फे लोकसभेवर निवडून आले, सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून हरले. तोच माणूस, तीच गादी, तोच मतदारसंघ. पाच महिन्यांत गादीची पुण्याई संपली असं कोणी म्हणणार नाही. बदलला तो पक्ष आणि भोवतीचं राजकारण. 2024मध्ये भाजपकडूनच ते परत जिंकले. कोल्हापूरची जोडी तर याहून नेटकी आहे. 2009मध्ये संभाजीराजे राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि अपक्ष सदाशिवराव मंडलिकांनी त्यांना हरवलं. 2024मध्ये त्यांचे वडील शाहू छत्रपती काँग्रेसकडून उभे राहिले आणि सदाशिवरावांच्याच मुलाला, संजय मंडलिकांना, दीड लाखाहून जास्त मतांनी हरवलं. दोन्ही वेळा घराणं तेच, समोरचं घरही तेच. तुमच्या आराखड्यातलं ‘घराण्याचं स्थान’ हे स्थिर मूल्य असेल, तर निकाल उलटे का? माझं मत असं की गादी हा स्वतंत्र घटक नाहीच, ती गुणक आहे. आधी कुणाची तरी गरज हवी, मग गादी तिला गुणते. शून्याला गुणून शून्यच येतं.

(अहेरीत तर 2024च्या विधानसभेला आत्राम घराण्यातलेच वडील, मुलगी आणि पुतण्या एकमेकांसमोर उभे होते. ‘राजघराण्याचा प्रभाव’ तिथे कोणत्या रकान्यात भरणार?)

पण निवडणुका मोजायला सोप्या म्हणूनच आपण त्यांच्या मागे लागतो. मला जास्त शिकवणारी गोष्ट आपल्या अगदी जवळ, नागपुरात आहे. नागपूरकर भोसल्यांचं राज्य भंडाऱ्यावरही होतं. तिसरे रघुजी डिसेंबर 1853मध्ये वारले, डलहौसीने वारस मान्य केला नाही आणि 1854मध्ये राज्य खालसा झालं. वाड्यातलं जडजवाहीर, हत्ती-घोडे लिलावात निघाले. पुढे दत्तक जानोजींना इंग्रजांनी देऊरचे ‘राजाबहादूर’ केलं, पण राज्य परत आलं नाही. त्यामुळे 1947 नंतरचं विलीनीकरण, तनखे, 1971च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ते बंद होणं, ही बाकी संस्थानांची कथा यांना लागू होत नाही. सत्ता जाऊन पावणेदोनशे वर्षं होत आली. तरी घराणं दिसतं. कशामुळे?

नेहमीचं उत्तर म्हणजे तान्हा पोळा. दुसऱ्या रघुजींनी तो सुरू केला असं सांगतात, आणि महालातल्या भोसल्यांच्या वाड्यातून माणसाहून उंच लाकडी बैलाची मिरवणूक निघते. फोटो दरवर्षी छापून येतो. आता इथे आपली परीक्षा लावा. वाड्यातला बैल एका वर्षी निघाला नाही, तर भंडाऱ्यातली, तुमसरातली, साकोलीतली पोरं चाकांचे लाकडी बैल घेऊन दारोदार जायची थांबतील? बोजारा मागायचा सोडतील? मुळीच नाही. मीही लहानपणी बोजारा मागत फिरलो आहे. त्यात रघुजीराजांचा काही हात आहे हे मला एम.एस्सी.ला असताना कळलं. म्हणजे सणाला राजे लागत नाहीत, राजांना सण लागतो. कोल्हापुरात दसरा चौकात शमीपूजनाला छत्रपती आले नाहीत तर लोकांना चुकल्यासारखं होईल, तिथे उत्तर वेगळं येतं. परीक्षा एकच असली तरी उत्तर दर ठिकाणी नव्याने काढावं लागतं, एवढ्यासाठी ही दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली.

आणि त्याच तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात काय होतं? मारबत निघते. काळ्या मारबतीची परंपरा 1881पासूनची मानतात. ही काळी मारबत म्हणजे बांकाबाई, असं नागपूरकर सांगतात. बांकाबाई ही दुसऱ्या रघुजींची राणी. 1818मध्ये आप्पासाहेबांना काढून इंग्रजांनी लहानग्या तिसऱ्या रघुजींना गादीवर बसवलं, तेव्हा त्यांच्या नावाने कारभार पाहणारी. रेसिडेंट जेंकिन्स शेजारी बसलेला. 1857मध्येही ती इंग्रजांच्या विरोधात गेली नाही आणि 1858मध्ये वारली. घराण्यातली ही बाई दरवर्षी हजारो लोकांसमोर येते, आणि शेवटी तिचं दहन होतं. बातम्या मोजल्या तर तिचं ‘दिसणं’ वाड्यातल्या बैलाला भारी पडेल. हिने काळाशी कसं जुळवून घेतलं म्हणे?

बांकाबाईला कोणी जनसंपर्क अधिकारी नव्हता. तिला लोकांनी जिवंत ठेवलं, कारण रोगराई आणि पीडा जिच्या माथी मारून गावाबाहेर काढता येईल असा चेहरा लोकांना हवा होता. आपल्याकडच्या खेड्यांत मारबत शिवेबाहेर नेताना तिला पूतना म्हणतात. तिथे बांकाबाईचा पत्ता नसतो. मग नागपुरात पूतनेच्या जागी राणी केव्हा बसली? तिच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनीच, की पुढे राष्ट्रीय चळवळीत इंग्रजधार्जिणेपणाला शिव्या देण्यासाठी सोयीची म्हणून? हा शोधनिबंधाचा खरा विषय आहे, आणि जुनी वर्तमानपत्रं चाळली तर त्यावर काम होऊ शकतं. ‘राजघराण्यांचे समाजमाध्यमांतील स्थान’ यापेक्षा मला तरी हा विषय हजार पटींनी बरा वाटतो.

तलवारीचंही तसंच. पहिल्या रघुजींची म्हणून ओळखली जाणारी तलवार एप्रिल 2025मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती मिळवली. खर्च सुमारे 47 लाख 15 हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, मिरवणूक, समारंभ सगळं झालं. 1854नंतर ज्या घराण्याच्या वस्तू परक्या सरकारने लिलावात काढल्या, त्याच्या मूळ पुरुषाची तलवार आपल्या सरकारने लिलावात घेतली. बातम्यांत रघुजी झळकले. पण ते कोणाला हवे होते, हे लिहिल्याशिवाय तुमचं प्रकरण पूर्ण होत नाही.

डेव्हिड कॅनडाइन यांनी ब्रिटिश राजघराण्याबद्दल 1983च्या एका प्रसिद्ध निबंधात जे दाखवलं ते वाचाच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे समारंभ ढिसाळ असत. राजाची सत्ता ओसरत गेली तसतसे ते डौलदार होत गेले. आणि निकोलस डर्क्स यांचं पुदुकोट्टईवरचं पुस्तक वाचा, वसाहतीच्या काळात मुकुट आतून पोकळ कसा झाला ते कळेल. मात्र लंडन किंवा पुदुकोट्टईचा साचा उचलून नागपूरवर ठेवू नका. आपल्याकडे एक जास्तीची पायरी आहे.

ती पायरी म्हणजे गोंड राजे. नागपूर वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंद शाहने. भंडारा जिल्ह्यातला आंबागड त्याच्याच सरदाराने, राजाखान पठाणाने बांधल्याचं सांगतात. 1740च्या दशकात रघुजींनी सत्ता हातात घेतली, पण गोंड राजा बुऱ्हाण शाहला हटवलं नाही. त्याला नेमणूक दिली, राजेपण नावापुरतं ठेवलं. नव्या सत्तेला जुन्या मुकुटाची सावली लागत होती. म्हणजे ‘सत्तेशिवाय नुसता दिसणारा राजा’ हा आधुनिक शोध आहे, असं जे आराखड्यांत लिहिलेलं असतं, ते आपल्याच भागात अडीचशे वर्षांपूर्वी खोटं ठरलेलं आहे.

आणि इथेच तुम्हाला खरी तुलना मिळते, जिला आम्ही प्रयोगशाळेत ‘कंट्रोल’ म्हणतो. एकच शहर, दोन राजघराणी, दोघांची सत्ता गेलेली. एकाच्या बैलाचा फोटो दरवर्षी येतो, दुसऱ्याचं नाव भंडाऱ्याच्या कॉलेजात दहापैकी किती मुलांना माहीत असेल, विचारून बघा. जुळवून घेण्यात गोंड राजे कमी पडले, हे उत्तर मला पटत नाही. वर्तमानपत्रं कोणाची होती, शाळेची पुस्तकं कोणी लिहिली, सणांचं नेतृत्व कोणाच्या वाड्याकडे राहिलं, याकडे बघा. दुसरीकडे राणी दुर्गावतीचा बलिदान दिवस, 24 जून, आदिवासी संघटना गावोगाव पाळतात. तो पाळायला कुठल्या वाड्याची परवानगी लागत नाही.

विषय घ्यायचाच असेल तर 1908चं भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर आधी काढा. इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेलं आहे, तेव्हा डोळे उघडे ठेवून वाचा. मग तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दोन वह्या घेऊन निघा: एक महालातल्या वाड्यासमोर, एक मारबतीच्या मिरवणुकीत. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा: हे नसतं तर तुमचं काय अडलं असतं? उत्तर जसं येईल तसं, त्या माणसाच्या बोलीत लिहून घ्या. नंतर घरी बसून ते प्रमाणभाषेत ‘सुधारू’ नका.