वामनदादांचे शेवटचे कडवे

मोताळा तालुक्यातल्या आमच्या रोहिणखेडला १५८२ सालची मशीद आहे. ती खुदावंतखान महदवीने बांधली, हे तिथल्या शिलालेखामुळे कळते. त्याच गावात लहानपणी १४ एप्रिलच्या रात्री जी गाणी मी ऐकली, त्यांचा कर्ता कोण हे मात्र मला फार उशिरा समजले. नाव गाण्यातच होते. पण गाणारी मंडळी शेवटच्या कडव्यापर्यंत क्वचितच पोचत.

तो कर्ता म्हणजे वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत मजुरी करणाऱ्या या तरुणाला कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि अक्षरओळख नसल्याची लाज त्याला इतकी लागली, की तो जिद्दीने वाचायला शिकला. १९४३मध्ये पहिले गाणे रचले. १५ मे २००४ला निधन होईपर्यंत, म्हणजे सहा दशके, तो गावोगाव गात राहिला.

वामनदादांविषयी लिहिताना आपण गाण्यांची संख्या सांगतो आणि थांबतो. दुसरीकडे, सिनेमाच्या चाली घेतल्या म्हणून त्यांना कमी लेखणारेही आहेत. मला दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. ओळखीची चाल असली की श्रोत्याला ती वेगळी शिकावी लागत नाही. त्याचे सगळे लक्ष शब्दाकडे जाते. ज्याला वाचता येत नाही त्याची वही म्हणजे ती चाल. वामनदादा स्वतः कधीकाळी असेच श्रोते होते, म्हणून त्यांना हे नेमके माहीत होते. शिवाय ही देवघेव एकतर्फी नव्हती : ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटात त्यांचे गाणे आहेच.

खरा प्रश्न आशयाचा आहे. ६ डिसेंबर १९५६ नंतर बाबासाहेबांचा गौरव करणे सोपे होते; अनुयायांना जाब विचारणे अवघड. वामनदादांनी ते केले. बाबासाहेबांच्या मताची माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी तरी आहेत का, असे ते ज्यांच्यासमोर गात त्यांनाच विचारत. गौरवगीताचे असे झडतीत रूपांतर करणे, हे मी त्यांचे मोठे काम मानतो. सगळीच गाणी या तोलाची नाहीत. ‘वाटचाल’ (१९७३) किंवा ‘मोहळ’ (१९७६) सलग वाचताना प्रसंगापुरती रचलेली गाणी आणि तीच ती विशेषणे जाणवतात. आवाज निघून गेला की काही ओळी कागदावर निपचित पडतात.

तरीही त्यांच्या अनेक गाण्यांच्या अखेरीस ‘वामन’ येतो, तिथे मी दरवेळी थबकतो. ही नाममुद्रा संतांच्या अभंगातून आलेली आहे. इथे मात्र तिचे काम थोडे निराळे होते. जाब विचारणारा उंचावर उभा नाही, तोही याच गर्दीतला आहे, हे ती सांगते. ते कडवे गाळले, तर उरतो तो निनावी उपदेश.

मागच्या जयंतीला गावात डीजेवर यातलेच एक गाणे वाजत होते. दोन कडव्यांनंतर नुसता ठेका. नाचणाऱ्या पोरांना विचारले, ‘कोणाचं गाणं हाये रे हे?’ उत्तर आले, ‘काका, भीमगीत हाये.’ उत्तर चूक नव्हते. एखाद्या कवीचे गाणे साऱ्या समाजाचे व्हावे, याहून मोठे यश कोणते? पण त्या यशात प्रश्न विचारणारा माणूसच पुसला जात असेल, तर प्रश्नही हळूहळू पुसला जाईल.

म्हणून अभ्यासकांना माझे एवढेच सांगणे आहे. छापील संग्रह हाताशी ठेवून गावोगावच्या जुन्या गायकांकडे बसावे. कुठे शब्द बदलले, कुठे कडवी गळाली, ते नोंदवावे. दगडावरचे नाव थांबून राहते. गळ्यातले थांबत नाही.