उणे चिन्हाचा बाण आणि १९७८चा एक पेपर

नेट-सेटच्या तयारीत ती आकृती तुम्ही कितीदा काढली असेल! हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीकडे बाण, तिथून अंडाशयाकडे, आणि अंडाशयातलं इस्ट्राडायॉल परत वर जाऊन दोघांना दाबतं. परीक्षेला चालतं. पण ओव्ह्युलेशनच्या आधी तेच इस्ट्राडायॉल वाढलेलं असताना एलएच एकदम उसळतो, तो कसा?

यासाठी अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाचा ऱ्हीसस माकडांवरचा १९७८चा पेपर मुळातूनच वाचा. अंडाशय काढलेल्या माद्यांच्या हायपोथॅलॅमसमधला आर्क्युएट भाग निकामी केला, त्यामुळे एलएच पडला. मग बाहेरून तासाला एकदा, ठरलेल्या मात्रेत जीएनआरएच दिलं. हा ताल तसाच ठेवून इस्ट्राडायॉल दिलं, तर एलएच आधी घटला आणि नंतर उसळला. म्हणजे दाबणं आणि उसळवणं, दोन्ही पिट्युटरीच्या पातळीवर होऊ शकतं. इतका स्वच्छ प्रयोग बघून मला तर हेवाच वाटतो.

माझा आक्षेप आहे तो या पेपरच्या पुढच्या वाचनावर. ‘पिट्युटरी पुरेशी आहे’ याचं नोट्समध्ये ‘हायपोथॅलॅमस फक्त ताल धरतो’ असं होऊन बसतं. अहो, जीएनआरएच बदलायला प्रयोगात वावच ठेवला नव्हता! एरवी ते बदलतं का, हे त्यातून कळणार कसं? उंदरात तर उसळीसाठी मेंदूतूनच जीएनआरएच वाढावं लागतं. त्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर जवळपास नसतोच; निरोप पोचवतात शेजारच्या किसपेप्टिन पेशी.

तेव्हा पुढच्या वेळी आकृती काढाल तेव्हा कोपऱ्यात प्राण्याचं नावही लिहा.