एकसष्टचा हट्ट

बावीस कोटी एकसष्ट लक्ष त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. ही संख्या एकदा मोठ्याने उच्चारून पाहावी. लक्षांच्या घरात चक्क एकसष्ट विराजमान, आणि हा सारा पसारा मांडायला लावणाराही एकसष्टच! (योगायोगच तो, पण रसिकाने त्यालाही दाद द्यावी.) ११५० सालच्या ‘बीजगणिता’त भास्कराचार्य विचारतात, कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच हाती येतो?

प्रश्न साधा वाटतो, कारण शेजारी साधे आहेत. ६० ला ४ पुरतात: १६ गुणिले ६० अधिक १ म्हणजे ९६१, ३१ चा वर्ग. ६२ चे काम ८ वर भागते. मधला एकसष्ट मात्र हटून बसतो, आणि बावीस कोटींच्या अलीकडे कुणालाच दाद देत नाही.

ती संख्या आचार्यांच्या हाती कशी येते, हे सावकाश पाहण्यातच खरी गोडी आहे. आरंभ ८ आणि १ पासून: ८ चा वर्ग ६४, म्हणजे १ च्या वर्गाच्या ६१ पटीहून ३ अधिक. हा उरलेला ३ म्हणजे ‘क्षेप’. ‘चक्रवाल’ या फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराकडे नेणाऱ्या पद्धतीचा एकच फेरा, आणि ८ च्या जागी ३९ येतात, १ च्या जागी ५. ३९ चा वर्ग १५२१ आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, क्षेप उणे ४. आता ३९ आणि ५ या दोघांना निम्मे करायचे: साडेएकोणीस आणि अडीच, क्षेप उणे १. पूर्णांकांच्या शोधात निघालेला गणिती वाटेत निःसंकोच अपूर्णांकांच्या घरी उतरतो, हे धाडस मला सर्वांत लोभस वाटते. पुढे ब्रह्मगुप्ताची ‘भावना’, म्हणजे उत्तरांचा उत्तरांशी संयोग: २९७१८ आणि ३८०५, क्षेप अजून उणेच. या जोडीचा स्वतःशीच संयोग झाला, की २२,६१,५३,९८० हे कनिष्ठ मूळ आणि १,७६,६३,१९,०४९ हे ज्येष्ठ. ज्येष्ठाचा वर्ग आणि कनिष्ठाच्या वर्गाची ६१ पट, दोन्ही एकोणीस अंकी राशी, आणि त्यांत अंतर केवळ एकाचे! ज्येष्ठाला कनिष्ठाने भागावे, तर ६१ चे वर्गमूळ दशांशचिन्हापुढे सोळा स्थळांपर्यंत अचूक मिळते.

१६५७ मध्ये फर्माने युरोपातल्या गणितज्ञांपुढे हाच एकसष्ट टाकला, तेव्हा आचार्यांचे उत्तर पाचशे वर्षांचे झाले होते. आणि आचार्यांच्या विद्येची ही गोष्ट आपल्या बुलढाणेकरांच्या शेजारचीच. बुलढाण्याच्या पश्चिमेला खेटून जळगाव जिल्हा. मलकापूरहून मुंबईकडे निघालेली गाडी भुसावळ, जळगाव मागे टाकून चाळीसगाव गाठते, आणि तिथून पाटण जवळच. आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चंगदेवाने तिथे मठ स्थापला. १२०७ च्या शिलालेखात त्या मठाला लावून दिलेला बाजारातल्या उत्पन्नाचा वाटा मराठीत नोंदला आहे. गिऱ्हाइकाच्या दामातला अंश या असल्या कोट्यवधींच्या अभ्यासाला जात असे! आणि अभ्यास तरी संपणार कसा? एकसष्टच्या त्या कनिष्ठ-ज्येष्ठ जोडीचा पुन्हा स्वतःशी संयोग करावा, की पुढचे ज्येष्ठ मूळच एकोणीस अंकी निघते.