सिंहगड : नाव आधी, की सिंह आधी?

तानाजी मालुसरे धारातीर्थी पडले आणि कोंढाण्याचा सिंहगड झाला, ही कथा मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. ती मला कागदपत्रांशेजारी ठेवून वाचायची आहे. तानाजींचा पराक्रम वादातीत आहे. प्रश्न आहे तो नावाची नोंद कशी करावी, एवढाच.

तानाजींचा मृत्यू 4 फेब्रुवारी 1670 चा. शिवाजी महाराजांच्या एप्रिल 1663 च्या पत्रात मात्र गडाचा उल्लेख ‘सिंहगड’ असाच आहे. म्हणजे नाव जवळजवळ सात वर्षे जुने. ‘कोंढाणा’ त्याहून पुष्कळ मागे जाते: महंमद तुघलकाने या गडाला घातलेला वेढा इसामीने 1350 च्या आपल्या फार्सी काव्यात वर्णिला आहे, तिथे ते भेटते. पुढे 1703 मध्ये गड घेतल्यावर औरंगजेबाने ‘बक्षिंदाबक्ष’ हे नाव दिले. ते त्याच्या सत्तेबरोबर गेले. एका डोंगराची ही तीन नावे, आणि प्रत्येकाचा काळ वेगळा.

मग कथेचे काय? राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत महाराजांच्या शोकोद्गारात सिंह नाही. एक गड मिळाला, पण दुसरा गमावला, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे तानाजी हाच एक गड! मला ही प्रतिमा अधिक खोल वाटते. ज्या राजाचे राज्य गडांवर उभे होते, त्याने माणसाला गड म्हणावे, याहून मोठा सन्मान कोणता? हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीच्या शीर्षकाने सिंह घरोघरी पोचवला. पण त्या वाक्याची खरी गंमतही नाव आधीचे मानल्यावरच कळते. गड सिंहाचा आणि तोच सिंहाविना आला, हा श्लेष नाव रूढ असल्याशिवाय साधत नाही. तेव्हा वाक्यातून नाव नव्हे, नावातून वाक्य निघाले असावे, असे मी मानतो.

अवशेषांबाबतही हीच गल्लत होते. कल्याण दरवाजावरील शिलालेख शके 1672 चा, म्हणजे पेशवाईतला. पाहणारा तो 1670 च्या लढाईत मिसळून टाकतो. दरवाजाच्या नावातले कल्याणही खाडीकाठचे शहर नव्हे, पायथ्याचे गाव. राजाराम महाराजांची समाधी आणि टिळकांचा बंगला एकाच माथ्यावर, पण त्यांच्यात जवळजवळ दोन शतकांचे अंतर.

म्हणून गडाची नोंद करताना प्रत्येक नावापुढे आणि प्रत्येक दगडापुढे दोन गोष्टी हव्यात: काळ आणि आधार. दंतकथाही नोंदवावी, पण दंतकथा म्हणूनच, तिच्या जागी. तसे केले तर तानाजींचे काही उणे होत नाही. उलट सभासदाने त्यांना दिलेला मान, सिंहाच्या गर्जनेत हरवलेला, पुन्हा ऐकू येतो.